डोंगरकड्याची फेरी आणि बाभळीचा एक काटा

हिंगोलीहून एकटीने सायकलवर समुद्रापर्यंत जायचं, हे मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी अट घातली. "आधी डोंगरकड्याला जाऊन ये. वाटेतून एकदा जरी गाडी पाठवा म्हणून फोन आला, तर समुद्र विसरायचा."

अट स्पष्ट होती. मी कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासते, त्यामुळे स्पष्ट गोष्टींशी माझं बरं जमतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला निघाले. सोबत दोन जादा ट्यूब, पंप, पॅच आणि तीन लिटर पाणी.

जाताना मुख्य रस्ता धरला. कळमनुरीपर्यंत चढउतार आहेत, पण चढांपेक्षा माणसं दमवतात. एका मोटारसायकलवाल्याने शेजारी वेग कमी करून विचारलं, "मॅडम, पेट्रोल परवडंना का?" आणि स्वतःच्याच विनोदावर पुढच्या वळणापर्यंत हसत गेला. आखाडा बाळापूरला पोहे आणि चहा घेतला. चाळीस रुपयांत पोट भरतं, पण चौकशी फुकट असते.

"संगं कोणी न्हाई?" हॉटेलवाला.

"नाही."

"काहून?"

"सीट एकच आहे."

त्याने बाहेर डोकावून खात्री केली. "व्हय, येकच हाय."

डोंगरकड्याला केळीच्या बागा आहेत आणि या दिवसांत हळद शिजवल्याचा वास येतो. अशा ठिकाणांना 'स्वर्ग' म्हणणारे ब्लॉग मी वाचले आहेत. लिहिणारे बहुधा गाडीची काच वर करून आले असावेत. स्वर्गात अर्धा रस्ता अडवून ट्रक उभे नसतात. चार केळी खाऊन मी परत फिरले.

येताना मुद्दाम आतल्या गावांचा डोंगराळ रस्ता घेतला. पुढे जे झालं त्यात चूक रस्त्याची नव्हती. या भागात कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडतात आणि दोरीने ओढत रस्त्यानेच शेतावर नेतात. फांदी पोचते, काटे मागे राहतात. ते झाडावेत असं कुणालाच वाटत नाही.

पहिल्या पंक्चरला मी टायर आतून चाचपला, काही लागलं नाही. नऊ मिनिटांत ट्यूब बदलली आणि स्वतःवर खूश झाले. तीन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. दुसरी ट्यूब. मग चढाच्या मध्यावर तिसऱ्यांदा. चार वाजले होते. पॅच होते, पण दर तीन किलोमीटरला पॅच लावत हिंगोली येत नाही. मी फोन काढला, वडिलांचा नंबर समोर आणला आणि त्याकडे बघत बसले.

तेवढ्यात मेंढरांमागून एक बाई आली. हातात दोरी, दोरीला बाभळीची फांदी.

"काहून बसली गं बाय?"

"तुमच्या काट्यांमुळे."

"माह्या? आन् बाकीच्या गावाचे काटे काय मऊ हायेत?" ती उकिडवी बसली. "टायर दे हिकडं."

"बघितलाय मी. दोनदा."

तिने माझ्या हातमोज्यांकडे बघितलं. "ह्ये घालून? पायातला काटाबी ह्येच घालून काढतीस का?"

मी टायर तिच्याकडे दिला. तिने टायरच्या आतून उघडं बोट फिरवलं, नजर मेंढरांवर ठेवून. एका जागी बोट थांबलं. तिच्या कमरेला दोऱ्याने लहानसा लोखंडी चिमटा बांधलेला होता. त्याने तिने काट्याचं टोक उपसलं. दोन मिलिमीटरही नसेल.

"ह्यो बग. येवढ्यासाठी तीनदा बसली व्हय?"

तिन्ही ट्यूबांना भोक एकाच जागी होतं. शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर पहिल्या वीस मिनिटांत कळलं असतं. कारण न शोधता भाग बदलणाऱ्या नवख्या मुलांना मी कारखान्यात वाट्टेल ते बोलते. त्यातलं प्रत्येक वाक्य इथे मलाच लागू होतं.

पॅच लावला, हवा भरली. ती फांदी ओढत निघाली. तिच्याच मागून मी सायकल ढकलायला लागले तशी ओरडली, "अगं, मागून येऊन राहिली काय? पुढं हो! मागं काटे हायेत!"

अंधार पडता पडता घरी पोचले. वडील फाटकातच होते.

"गाडी कुणाची घेतलीस?"

"कुणाचीच नाही." मग सगळं सांगितलं, फोन काढला होता तेही. अर्धवट आकडा सांगायची मला सवय नाही.

"म्हणजे त्या बाईनं काटा काढला नसता तर फोन लावला असतास."

"हो."

"आणि पुढं कोकणात ती नसली तर?"

मी हातमोजे काढून ठेवले होते. वाटेत टायर पुन्हा एकदा उघड्या बोटाने तपासताना आणखी एक काटा लागून तर्जनीला बारीक चीर पडली होती. ती दाखवली. "आता मला सापडतो."

वडिलांनी बोट दिव्याखाली धरून बराच वेळ बघितलं, जणू त्यावर काही लिहिलं होतं.

"हळद लाव," ते म्हणाले. "आणि निघायच्या आधी तारीख सांग. तुझ्या आईला मी समजावतो."