आधी वाजवून पाहणारे हमीदभाई

हमीदभाईंचा कोणावरच चटकन विश्वास बसत नसे, सागाच्या ओंडक्यावर तर मुळीच नाही. आलापल्लीच्या लाकूड डेपोत ओंडक्यांवर शिक्क्याचा हातोडा मारायचं काम त्यांचं. शिक्का बसला की माल लिलावाला चोख. पण त्याआधी ते हातोडा उलटा धरून ओंडक्याला दोन्ही टोकांना ठोकत आणि कान लावत. आतून पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो म्हणे. मला सगळे सारखेच वाटत.

"वरून पाहून कोणी बी सांगते, बाबू," ते म्हणत. "पहले वाजवून पाहावं, मंग बोलावं." टपरीवरचा चहाही ते कपाला बोटानं टिचकी मारूनच घेत. तडा गेलेले कित्येक कप त्यांनी परत पाठवले.

मी तिथला कारकून. संशयी मीही कमी नाही, पण माझा संशय खुर्चीत बसल्या बसल्या पुरा होणारा.

एका उन्हाळ्यात ओंडक्यांच्या थप्पीवरून पाय घसरून हमीदभाई डोक्यावर आपटले. आत थोडं रक्त साकळलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, ऑपरेशन लागलं नाही, आणि महिन्याभरात ते कामावर हजर. आम्ही तो विषय विसरून गेलो.

तीन-चार महिन्यांनी त्यांची चाल बिघडली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे फरफटत टाकायचे. वळताना खांब धरायचे. बोलता बोलता थांबायचे आणि समोरचा कोण ते आठवत बसायचे. एकदा पायजमा ओला दिसला. आमच्याकडे कोणाचा तोल गेला की पहिला आळ मोहाच्या दारूवर. पाच वेळचा नमाजी माणूस, पण मलाही ते पटलं. नमाजी आहे म्हणूनच लपवत असणार, असं मी जुळवून टाकलं. एक दिवस रजिस्टर दाखवायच्या निमित्तानं वाकलो आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. बडीशेपेचा आला. माझा संशय उलट पक्का झाला, बडीशेप उगाच कोण खातं? निम्मा डेपो खातो, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यात त्यांनी एका साफ पोकळ ओंडक्यावर शिक्का मारला आणि लिलावात ते उघड झालं. साहेबांनी चौकशी लावली, मला लेखी मागितलं. मी लिहून दिलं, 'मद्यप्राशन करून कामावर येत असावेत, असा संशय आहे.' तीस वर्षांची नोकरी माझ्या त्या ओळीवर लोंबकळू लागली.

दोन दिवसांनी त्यांची बायको, नूरभाभी, माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, यायले रोज कपड्यातच होऊन राह्यलं. मले दिसू नाई म्हणून सोताच धुतात. लोक म्हणतात, दारू. एका ताटात जेवतो आम्ही, मले वास नसता आला? डोक्यावर पडले, त्याच्यानंतरच हे सुरू झालं."

मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो.

स्कॅन पाहून डॉक्टरबाईंनी समजावलं. मेंदूत पाणी तयार होतं आणि रोज आपोआप जिरतं. त्या मारानंतर यांचं जिरणं मंदावलं, पाणी आत साचत गेलं. चाल, विसर, ओले कपडे, सगळं त्याचंच असावं. डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घातली, तर जादा पाणी पोटात जिरेल.

"नाई," हमीदभाई म्हणाले. "माह्या डोक्यातलं पाणी ह्यायले बाहेरून दिसलं? मी नाई कापू देत."

बाई चिडल्या नाहीत. "लगेच नाही कापत. आधी कमरेतून सुईनं थोडं पाणी काढू. त्याच्या अगोदर तुम्हाला चालवून बघू, नंतर पुन्हा चालवून बघू. मग ठरवू."

हमीदभाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हंजे तुमी वाजवून पाहून राह्यल्या. मंग पाहा."

सकाळी ते व्हरांड्यात भिंत धरून चालले. सुईनंतर, संध्याकाळी, भिंत सोडून. भाभींनी तोंडाला पदर लावला. त्या आठवड्यात नळी बसली.

कपडे कोरडे राहू लागले, पाय उचलू लागले. नावं मात्र अजून अडत. नळी तुंबू शकते, चाल बिघडली, डोकं दुखलं किंवा ताप आला तर लगेच या, असं सांगितलं होतं. त्यामुळे हमीदभाई रोज सकाळी भाभींना दारात बसवून अंगणात चालून दाखवत. नळीवरही त्यांचा विश्वास नव्हता.

मी दवाखान्याचे कागद जोडून माझा जबाब मागे घेतला. चौकशी मिटली. कामावर परतले त्या दिवशी हमीदभाई माझ्या टेबलासमोर बसले. चहा आला.

"बाबू, तू माह्या तोंडाचा वास घेतला होता."

"तुम्हाला आठवतं?"

"बाकी लई गेलं. हे राह्यलं. शक मी बी घेतो. पण एक बार इचारलं असतं, हमीदभाई, काय होऊन राह्यलं? मले सांगाचंच होतं कोणाले तरी. लाज वाटे."

त्यांनी माझ्या पुढ्यातला कप ओढून घेतला, बोटानं वाजवला, कान देऊन ऐकला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पी."