ड्राफ्ट म्हणजे मसुदा नव्हे

आजीला फुटबॉलमधलं काही कळतं यावर तुम्हा दोघांचा विश्वास बसत नाही, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. कळतं. सगळं नाही, पण एका जागेपुरतं नक्की कळतं. रनिंग बॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत दाबून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. असा एक गडी मी कसा निवडला ते मीच लिहून ठेवते, कारण तुमचे आजोबा ही गोष्ट सांगतात तेव्हा दर वेळी तिच्यात भर पडते.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला राहत होतो आणि मी एका इंजिनिअरिंग कंपनीत कागदपत्रं तपासायच्या कामावर होते. अहवाल, मॅन्युअल, निविदा, जे काही कंपनीबाहेर जाई त्याचं इंग्रजी माझ्या तांबड्या पेन्सिलीखालून जाई. त्या उन्हाळ्यात आमच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं. सात वर्षं मी तेच काम करत होते, म्हणून अर्ज दिला. मॅनेजरनी बोलावलं, काम उत्तम आहे म्हणाले, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अडचण एवढीच आहे की लोक तुम्हाला ओळखत नाहीत. प्रमुखाला सगळ्या विभागांत जाऊन बोलावं लागतं. नाताळपर्यंत ठरवतो."

ते खोटं बोलत नव्हते. सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी आठ-दहा जण मोठमोठ्याने बोलत उभे असत. मी कप घेऊन गेले की 'गुड मॉर्निंग' म्हणून बाजूला होत, मी वळले की पुन्हा सुरू. माझं नाव त्यांनी अर्ध्यात तोडून दोन अक्षरांचं केलं होतं, आणि ती दोन अक्षरंही चुकीची लिहीत. ते पद मला हवं होतं, पण दुसऱ्यांच्या बोलण्यात शिरायचं कसं हे मला कोणत्याच शाळेने शिकवलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी आली. 'ड्राफ्ट. शनिवारी सकाळी दहा, मीटिंगची मोठी खोली. आपापल्या याद्या आणाव्यात.' खाली मॅनेजरची सही. ड्राफ्ट म्हणजे मसुदा, हे मी सहावीत शिकले होते. सात वर्षांत शनिवारच्या बैठकीला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. याद्या कसल्या, याचा थोडा विचार केला आणि मग आमच्या अहवालांत नेहमी होणाऱ्या चुकांची यादी तयार केली. दोन पानं, टाइप केलेली, विभागवार.

"अगं, शनिवारी कोण मसुदे तपासतं?" गाडी चालवताना तुमच्या आजोबांनी विचारलं.

"ज्यांना काम महत्त्वाचं वाटतं ते," मी म्हटलं.

खोलीत नऊ पुरुष होते, सगळे अर्ध्या चड्डीत. टेबलावर चिप्स, फुटबॉलची मासिकं, आणि भिंतीवर चौकटी आखलेला मोठा फळा. मी इस्त्रीचं जाकीट घालून, पेन्सिल आणि पट्टी घेऊन दारात उभी. विक्री विभागातल्या एका उंच गृहस्थाने माझ्या हातातली यादी घेतली आणि मोठ्याने वाचली, "विक्री विभाग: 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी कुठे द्यावी." खोली हसून लोळायची बाकी राहिली.

मॅनेजर लालबुंद झाले. "चिठ्ठी चुकून सगळ्यांच्या ट्रेमध्ये गेली," ते म्हणाले. "आम्ही खेळाडू वाटून घेतोय, त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. खऱ्या संघांतले खेळाडू कागदावर आपल्या संघात घ्यायचे. ते दर रविवारी मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. नुसती गंमत आहे. तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

चालेल, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या वडिलांना लहानपणी वर्गाबाहेर, दारापाशी बसून शिकावं लागलं होतं. नागपूरला मला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी एकच बजावलं होतं: मागच्या बाकावर बसायचं नाही, आणि दारात तर उभंही राहायचं नाही. मी खुर्च्या मोजल्या. दहा होत्या.

"दहावे कोण?"

"तो येत नाहीये. मेव्हणीचं लग्न निघालं."

"मग मी बसते."

टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. माझा नंबर तिसरा आला. अर्ध्या तासात खेळ कळणं शक्य नव्हतं, पण तक्ता मला कोणत्याही विषयाचा वाचता येतो. एक मासिक ओढून घेतलं, ओळीखाली पट्टी धरली आणि रकाने वाचायला लागले. पहिल्या दोघांनी क्वार्टरबॅक घेतले, म्हणजे चेंडू फेकणारे, मासिकाच्या मुखपृष्ठावरचे देखणे चेहरे.

"याला सगळ्यांत जास्त वेळा चेंडू दिलाय. हा काय करतो?" मी बोट ठेवून विचारलं.

"तो रनिंग बॅक," उंच गृहस्थ म्हणाले. "चेंडू घेतो, अंगावर पाच जण घेऊन तीन यार्ड जातो, आपटतो, उठतो, पुन्हा जातो."

शाळेत मी हुतूतू खेळले होते. चढाईला जाणारा गडी काय असतो हे मला माहीत होतं. "मग हाच," मी म्हटलं.

टेबलाभोवती एकदम ओरडा झाला. "अहो, एवढ्या लवकर? त्याला चौथ्या फेरीपर्यंत कोणी हात लावणार नाही!"

"तिशीला आलाय तो. म्हातारा! गुडघे संपलेत त्याचे!"

"गेल्या वर्षी त्याचे किती सामने चुकले?" मी विचारलं.

मी पट्टी त्याच्या ओळीखाली सरकवली. मासिकात लिहिलेलं होतं. "एकही नाही," मी म्हटलं. "फळ्यावर लिहा."

मग दर रविवारी तुमची आई आणि मी टीव्हीसमोर. ती तेव्हा बारा वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "पडला का गं?" "ही इज फाइन, आई, ही ऑल्वेज गेट्स अप." तो पडायचाच. कधी दोन यार्ड, कधी चार, क्वचित एकदम वीस. पण चेंडू पुन्हा त्याच्याकडेच यायचा. मला त्याची सवय झाली.

सोमवारी मी कप घेऊन गेले की आता कोणी बाजूला होत नसे. "तुमच्या म्हाताऱ्याने काल काय केलं बघितलंत?" "बघितलं. तुमचा देखणा बर्फाची पिशवी खांद्यावर ठेवून बसला होता, तेही बघितलं." पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते. नंतर पाठ करावं लागलं नाही.

ऑक्टोबरमध्ये उंच गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. जरा घुटमळले. "ती तुमची यादी... आहे का अजून? मोठी निविदा पाठवायचीय." मी ड्रॉवरमधून काढून दिली. महिन्याभरात ती यादी चार विभागांच्या भिंतींवर लागली. वरच्या मजल्यांवरून मला बोलावणी येऊ लागली, आणि मी जाऊ लागले.

मी काही पहिली आले नाही. दहांत चौथी आले. उंच गृहस्थ नववे.

पण नाताळ आठवड्यावर आला तरी मॅनेजर काही बोलेनात. मग मी अर्ज नव्याने टाइप केला आणि त्यांच्या खोलीत गेले.

"मी विचार करतोय," ते म्हणाले. "तुमचं नाव आहेच समोर. पण आत्ताच ठरवणं थोडं लवकर होईल."

"माझा गडीही सगळ्यांना लवकर घेतलेला वाटला होता," मी म्हटलं. "चौथ्या फेरीपर्यंत थांबले असते तर तो दुसऱ्या कोणाचा झाला असता. सात वर्षांत माझा एकही अहवाल उशिरा गेलेला नाही. हवं तर रकाना तपासा."

त्यांनी कागद हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते गमतीवारी नेत नव्हते. "हा ड्राफ्ट आहे का?"

"नाही. ही पक्की प्रत."

जानेवारीत मी प्रमुख झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये पुन्हा तीच चिठ्ठी आली, शनिवार, सकाळी दहा. या वेळी ती सगळ्यांना गेलेली नव्हती. वर माझं नाव होतं, पूर्ण, आणि स्पेलिंग बरोबर.