दाट वाफ्यातले नांगे

गवत संशोधन केंद्रात त्यांना सगळे दोरीवाले म्हणत. गाठी मारलेली दोरी ताणायची, प्रत्येक गाठीखाली देशी गवताचा एक ठोंब रोवायचा, पायाने माती दाबायची, की पुढची गाठ. सव्वीस वर्षं हेच. कमरेचा काटा ढिला झाला, पण ओळ कधी वाकडी गेली नाही. दुसऱ्याची वाकडी दिसली, तर त्याच्या बापाचा उद्धार करायला ते मागेपुढे बघत नसत.

प्रयोग साधा होता. एकच गवत काही वाफ्यांत विरळ, काहींत अगदी खेटून लावायचं आणि तीन वर्षं कापून बघायचं, चारा कुठे जास्त निघतो आणि सकस कुठे. दाट वाफ्यांत ठोंब मरू लागले. मरणारच; एका ताटात चौघे जेवायला बसले तर दुसरं काय होणार? पण दोरीवाल्यांना रिकामी जागा बघवत नसे. रोपवाटिकेतून ठोंब आणून ते गुपचूप नांगे भरत, मेल्याच्या जागी नवा. लागवडीनंतर महिनाभर नांगे भरतात, हे त्यांना शिकवलं होतं. पुढे भरायचे नाहीत, हे कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

निकाल लागला: दाट तेवढं चांगलं. पत्रक छापलं गेलं. ते घेऊन दोरीवाले छाती फुगवून थेट धाकट्या बहिणीकडे गेले. नवरा गेल्यापासून तिचं घर चार गाईंवर चाललं होतं.

"डोळे झाकून लाव," ते म्हणाले. "माझ्या हातचं आहे."

तिने लावलं. पहिल्या वर्षी ढीग पडला. दुसऱ्या वर्षी मधले ठोंब वाळले, उरलेले उजेडासाठी उंच धावले. पान नावाला, बाकी नुसत्या काड्या. गाई तोंड लावून मान फिरवायच्या. दूध निम्म्यावर आलं. बहिणीने बोलावलं, तेव्हा दोरीवाले ओळीत वाकले आणि वाळलेले ठोंब मोजत गेले. तिच्या रानात नांगे भरणारं कोणी नव्हतं.

"खत कमी पडलंय," असं सांगून ते घरी आले आणि आठ दिवस तोंड मिटून बसले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि त्या आठ दिवसांत दोन्ही एकच.

नवव्या दिवशी ते प्रयोगाच्या प्रमुख बाईंसमोर उभे राहिले. कुठल्या वाफ्यात किती ठोंब बदलले, सगळं तोंडपाठ सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, ते मेलेले ठोंब हाच तर निकाल होता. तो तुम्ही उपटून फेकत होतात."

तिथून ते तडक बहिणीच्या रानात गेले आणि कुदळ मारू लागले. ती बांधावर येऊन उभी राहिली.

"दादा, हे काय करतोयस?"

"एकाआड एक ओळ काढतोय. मोकळं झालं की पान धरेल. चूक माझी होती गं. केंद्रात मेलेले ठोंब मी गुपचूप बदलत होतो. त्या दिवशी इथं वाकलो तेव्हाच कळलं होतं मला."

ती बांधावरच खाली बसली.

"तेव्हाच सांगायचंस ना रे," ती म्हणाली. "परवा विकल्या मी चारही. उपाशी बघवेनात."

दोरीवाले कुदळ धरून तसेच वाकून राहिले. त्यांना ताठ होता येईना.