दाजींची थोरली

घाई या गोष्टीशी आयुष्यात कधी ओळखच झाली नाही असा अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आम्ही दोघी बहिणी देवणी तालुक्यातल्या एकाच गावात दिलेल्या, घराला घर लागून. त्यामुळे दाजींना मी निम्मं आयुष्य भिंतीपलीकडून ऐकत आले आहे. न ऐकायची सोयच नाही. ट्रॅक्टरच्या धडधडाटात त्यांचे कान गेले आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून ते इतक्या मोठ्यानं बोलतात, की आक्काच्या कानात सांगितलेली गोष्ट तिच्याआधी पारावर पोचते. एकदा जेवणं झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आक्काला हळूच विचारलं, "पाव्हणे कवा जाणार हायेत?" पाहुणे त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेले.

हा ट्रॅक्टर साधा नव्हे, चेनचा. चाकांच्या जागी रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्या. कुंद्याच्या चिवट तणानं बळकावलेल्या काळ्या जमिनी मोडायला सरकारनं कधीकाळी आणलेला, आणि थकल्यावर दाजींच्या वडिलांनी लिलावात घेतलेला. आक्काच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो घरात आला, म्हणून दाजी त्याला 'थोरली' म्हणतात. म्हणजे आक्का आपोआप धाकटी. नव्या नवरीनं ते हसून घेतलं. आता नातवंडंसुद्धा "थोरल्या आजीला तेल पाजायचंय" म्हणतात, तेव्हा ती परात जरा जोरात आपटते.

थोरली माणसाच्या चालीनं चालते, तेही त्या माणसाला कुठं जायचं नसेल तर. ती येताना दिसली तरी रस्त्यातली कुत्री उठत नाहीत. अजून एक झोप होईल हे त्यांना ठाऊक असतं. दाजींना याचं काही वाटत नाही. सगळ्या जगाला ते जमिनीवरून ओळखतात. पिशवीत कायम एक लोखंडी सळई असते आणि कुठंही गेले की ती जमिनीत खुपसून बघतात. पुतणीसाठी स्थळ बघायला उदगीरकडे गेलो होतो. चहा यायच्या आत हे मागच्या रानात जाऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सळई वीतभर जाईना. वरवर खरडून राहिलेत. पोरगंबी तसलंच असंल." स्थळ मोडलं. पुढं त्या मुलाबद्दल जे कानावर आलं त्यावरून सळईचं चुकलं नव्हतं, पण ते दाजींना सांगायची चूक मी केलेली नाही.

पोळ्याला ते थोरलीला सजवतात. गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, धुराड्याला बाशिंग. एका वर्षी तिला मिरवणुकीत बैलांच्या पुढं उभं करायचा त्यांनी हट्ट धरला. म्हणणं एवढंच, की वयानं ती सगळ्या बैलांच्या आजीच्या जागी आहे. लोकांनी मजा म्हणून जाऊ दिलं. वेशीतलं तोरण तोडायचा मान पाटलांच्या जोडीचा. थोरलीचं धुराडं उंच. पाटलांची देखणी देवणी जोडी मागं उभी राहिली आणि आंब्याच्या पानांचं तोरण बाशिंगात अडकवून थोरली डुलत गावात शिरली. दाजींना मागचा आरडाओरडा कौतुकाचा वाटला. ते हात जोडत राहिले.

गावात नवे ट्रॅक्टर आले तसं थोरलीला कोणी बोलवेना. दाजी म्हणत, "हवा भरलेल्या चाकावर माणसानं भरवसा ठिऊ न्हाई." ऐकणारे मान हलवत आणि हवेच्या चाकांनीच नांगरून घेत. शेवटी आक्कानं जाहीर केलं, की या उन्हाळ्यात थोरलीनं एक तरी रान काढून दाखवावं, नाहीतर पोळ्याआधी भंगारवाल्याला बोलावणार. मला ते पटलं. अंगणाची निम्मी जागा ती अडवून बसते.

पण त्याच उन्हाळ्यात माझं रस्त्यापलीकडचं रान कुंद्यानं धरलेलं होतं. एका नव्या ट्रॅक्टरची चाकं जागीच फिरली, दुसऱ्याच्या नांगराचा फाळ मोडला. मग मीच दाजींकडे गेले. त्यांनी सळई पुसून पिशवीत ठेवली.

मधे नवा डांबरी रस्ता. लोखंडी पट्ट्यांनी डांबर उखडतं, म्हणून दाजी आधी जुने टायर आडवे अंथरतात आणि त्यावरून थोरलीला पायघड्यांवरून नेल्यासारखं नेतात. रबराचा एवढाच उपयोग, असं त्यांचं मत आहे. त्या सकाळी ती बरोबर रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला लग्नाचं वऱ्हाड. नवरदेव गाडीतून उतरून बघायला आला. थोरलीला आधी एक लहान पेट्रोलचं इंजिन दोरी ओढून चालू करावं लागतं, मग ते मोठ्या इंजिनाला उठवतं. दाजींनी दोरी गुंडाळली आणि गावाकडे बघत उभे राहिले.

"ओढा की दाजी," मी म्हटलं.

"थांब. येईल ती."

आक्का आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. कुणाकडे न बघता तिनं पाय रोवला आणि दोरी ओढली. फटफट सुरू झालं, मग थोरलीनं काळा धूर सोडला. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या.

दाजींचा खांदा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. काम असो नसो, रोज सकाळी थोरली चालू करायला आक्काच दोरी ओढत होती, आणि मी भिंतीपलीकडून आवाज ऐकून दाजींच्या ताकदीचं कौतुक करत होते.

"तूच भंगारात घाल म्हणतीस, अन् तूच चालू करतीस?" मी विचारलं.

"घालणारच हाय," आक्का म्हणाली. "पर आपल्या पायानं जाऊ दे की तिला. फरफटत न्यायची का?"

"तुला कळलं कसं, बंद पडली ते?"

"आवाज थांबला न्हवं का."

रान निघालं. कुंद्याची मुळं उन्हात उलटी पडून वाळली. भंगारवाला आला तेव्हा आक्कानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, पोळा होऊ दे. पोळ्यानंतर आला तेव्हा दसरा होऊ दे म्हणाली. आता तो नुसता चहालाच येतो.

या थंडीत एका सकाळी पलीकडून दोरीचा झटका ऐकू आला, पुन्हा एक, आणि मग काहीच नाही. मी गॅस बंद करून गेले. आक्का मनगट धरून ओट्यावर बसली होती. दाजींनी दोरी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना जमेल तितक्या हळू, म्हणजे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगठा भाईर ठेव. उलटा झटका देती ती."

मी अंगठा बाहेर ठेवला.

आता आक्काचं मनगट दुखेल त्या दिवशी मी जाते. माझ्यानंतर दोरी कोण ओढणार, हा विषय आम्हा तिघांपैकी कोणी काढत नाही. सकाळी मात्र मी गॅस जरा बारीक करते आणि आधी फटफट, मग धडधड ऐकू आली, की पोळी तव्यावर टाकते.