निखाऱ्यांचं घमेलं

हे मी सिंधूलाही सांगितलेलं नाही, आणि सिंधू माझी बायको आहे. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही बसा — माझ्याच्यानं एका जागी बसवत नाही.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मित्राची मेटॅडोर मागून घेतली आणि रामटेककडच्या एका तलावाकाठी दोन दिवसांचा मुक्काम ठोकला — मी, सिंधू आणि तिची धाकटी बहीण कुसुम. झोपायचं गाडीत, रांधायचं बाहेर. रॉकेल रेशनवर, म्हणून स्टोव्ह घरीच ठेवला. आणि बाहेर गेलं की आमच्याकडे रोडगेच लागतात — कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले. त्यात मी स्वतःला मोठा उस्ताद समजायचो.

दुपारी वारा सुटला. राख उडायला लागली आणि रोडगे अर्धे कच्चे! मेहुणीसमोर फजिती होणार — एवढंच डोक्यात. मी निखारे घमेल्यात भरले, वर रोडगे ठेवले, घमेलं गाडीत नेलं आणि काचा लावल्या. कुसुमला आत बसवून म्हटलं, "रोडगे पलटवजो वं, आम्ही पाणी घेऊन येतो." दारही ओढून घेतलं. सिंधू तोवर कळशी घेऊन पुढे निघाली होती, घमेलं आत नेलेलं तिनं पाहिलंच नाही.

अज्ञान म्हणू? कसं म्हणू? मी हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. बंद जागेत निखारा ठेवू नका, धूर दिसत नाही पण माणूस गुंगतो आणि उठत नाही — फोरमननं हे शंभरदा बजावलेलं. मला पाठ होतं. वाटलं, दहा मिनिटांत काय होतंय?

विहीर लांब निघाली. परतताना मी पुढे, सिंधू कळशी घेऊन बरीच मागे. दार उघडलं तर कुसुम आडवी पडलेली, ओकलेली, हाकेला ओ नाही. आणि मी — मी आधी घमेलं उचललं. हो, आधी घमेलं. निखारे बाहेरच्या चुलीत परत नेऊन ओतले, काचा खाली केल्या, मग तिला बाहेर ओढलं. ती मेली असती तर? तेव्हा तो विचारही मनाला शिवला नाही. मला फक्त सिंधूची भीती वाटत होती.

सिंधू धावत आली. "काय झालं जी इले?"

"झटका आला. मुठी वळल्या, डोळे फिरवले. मी पाह्यलं."

तासाभरात कुसुम मोकळ्या हवेत उठून बसली. डोकं ठणकत होतं, आठवत काहीच नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला — सगळ्यांनीच ठेवला.

कुसुमसाठी उमरेडचं स्थळ जवळपास ठरलेलं. मुलीला मिरगी आहे, झटके येतात, हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नारळ परत पाठवला. मग दुसरं स्थळ गेलं, तिसरं गेलं. तिला चुलीपाशी एकटं बसू देत नाहीत, विहिरीवर जाऊ देत नाहीत. रोज दोन गोळ्या. आज ती पस्तिशीला आली. बोलायला किती वर्षं होती माझ्याजवळ! मी तिच्यासाठी साड्या नेत राहिलो.

गेल्या महिन्यात ती घरी आली होती. म्हणाली, "भाऊजी, नवा डॉक्टर विचारून राहिला, झटका नेमका कसा आला होता. मले तर त्याच्यानंतर कधी आलाच नाही. पाह्यलेले तुम्हीच एक. सांगा नं."

मी सांगितलं. मुठी कशा वळल्या होत्या, तेही करून दाखवलं. ती कागदावर लिहून घेत होती.