गेलतीमधला हॅड

राळेगावात शीलाबाई घरच्या ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घेतात. पास्ट परफेक्ट म्हटलं की पोरं गडबडायची, पण बाईंजवळ नामी युक्ती होती. "आपण स्टँडवर पोचलो, तवा एसटी गेलती, म्हंजे गेली होती. त्या गेलतीतच हॅड लपून बसला हाय," त्या म्हणायच्या. जे आधी घडलं, त्याला हॅड. एवढ्यात पोरांचं काम भागायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नवरा राजदीप छातीत कळ येऊन गेला. डॉक्टर आले ते सगळं आटोपल्यावर. त्यांनी घरच्यांना खोलीबाहेर काढलं, नाडी पाहिली आणि एकट्या शीलाबाईंना आत बोलावून तो आधीच गेल्याचं सांगितलं. बाहेर सासू बसली होती, इंदूबाई. तिला शीलाबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं सुई देली, मंग हे गेले." लेकाला औषध तरी मिळालं, एवढं समाधान म्हातारीला असावं म्हणून. तेव्हापासून ते खोटं त्यांना आतून खात होतं. इंदूबाई रोज दारात तूर पाखडत बसायच्या आणि शीलाबाई त्यांच्याकडे बघायचं टाळायच्या.

व्याकरणाच्या पुस्तकांत एक पेशंट असतो. पिढ्यान् पिढ्या तो डॉक्टर यायच्या आधीच मरतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. यंदा शीलाबाईंनी त्याचं वाक्य गाळलं. पण दहावीतल्या आरिफानं गाइडातून नेमकं तेच काढलं.

"मॅडम, 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' हे आपल्या बोलीत कसं म्हणाचं?"

शीलाबाईंनी खडू उचलला. त्यांना पेशंट म्हणायचं होतं, मेलता म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "डॉक्टर आले, तवा हे गेलते."

पोरांना काही वावगं वाटलं नाही. त्यांनी वाक्य उतरवून घेतलं. दारातला सुपाचा आवाज मात्र थांबला. शीलाबाईंनी शिकवणी तिथंच सोडली.

पोरं गेल्यावर इंदूबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मले मालूम होतं, शीला. त्याचे पाय मीच चोळून राह्यलती. डॉक्टर आले, तवा ते थंडे पडलते. तू म्हणली, सुई देली. म्हटलं, तुले नसंन माहीत, तं कायले सांगू?"