पायरी क्रमांक चार

तिसऱ्या बसचा आकडाही एकोणतीस आला.

सिलिंडरवर पस्तीस छापलेलं होतं. पहिल्या बसमध्ये एकोणतीस, दुसऱ्या बसमध्ये एकोणतीस आणि आता हा तिसरा. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आकडा क्लिपबोर्डवर लिहिला. नोरीन खाली दारापाशी उभी होती.

"किती?"

"एकोणतीस."

"म्हणजे ग्रँड नाही." आयर्लंडमध्ये ठीकठाक असलेल्या सगळ्याला ग्रँड म्हणतात.

"नाही," मी म्हणालो.

ती पुढच्या बसचं दार उघडायला निघून गेली. अजून तीन बस बाकी होत्या.

हे आकडे कशाचे ते आधी सांगतो. गाडीत अल्कोलॉक नावाचं एक उपकरण बसवतात. स्टिअरिंगशेजारी जुन्या फोनच्या रिसीव्हरसारखा एक हँडसेट असतो. ड्रायव्हरने त्यात फुंकायचं. श्वासात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर स्टार्टरला करंट मिळत नाही आणि गाडी सुरू होत नाही. आमच्या भागात बस आणि ट्रकच्या कंपन्या हे आपणहून बसवून घेतात. पण ते कुणीही बसवून चालत नाही. वायरिंग चुकलं तर गाडी भररस्त्यात बंद पडेल. सेन्सर चुकला तर लॉक नुसतं शोभेचं. म्हणून हे काम करणाऱ्या गॅरेजला परवाना लागतो आणि तो देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी असेसर आहे. ऑफिस सँडीफोर्डला, पण माझा निम्मा आठवडा गॅरेजांमध्येच जातो. मी मूळचा इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. आधी गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत कॅलिब्रेशन करायचो. कॅलिब्रेशन म्हणजे उपकरणाला खरं बोलायला शिकवणं. ज्याच्यात किती अल्कोहोल आहे हे आधीच माहीत आहे असा गॅस सिलिंडरमधून द्यायचा, आणि उपकरण तोच आकडा सांगेपर्यंत ते जुळवायचं.

सिलिंडर पस्तीसचा असेल तर तेहतीस ते सदतीस चालतं. एकोणतीस चालत नाही. आणि कमी दाखवणं हे जास्त दाखवण्यापेक्षा वाईट. जास्त दाखवणाऱ्या उपकरणाबद्दल ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो. कमी दाखवणाऱ्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही. या सहा बस शाळेच्या मुलांना नेणाऱ्या होत्या.

नोरीन पन्नाशीची. ट्रॅक्टरच्या एका डीलरकडे वीस वर्षं वायरिंग करत होती. वसंतात ती नोकरी सोडून तिने ड्रोहेडाच्या बाहेर एक शेड भाड्याने घेतली आणि आमच्याकडे अर्ज केला. आमची पद्धत अशी, की अर्जदाराने सहा गाड्यांवर उपकरणं बसवायची, काही आठवड्यांनी आम्ही जाऊन ती तपासायची. पास झाला तर परवाना. कॅलिब्रेशनमध्ये नापास झाला, तर एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. तिच्या बसवाल्याला शाळा उघडायच्या आत सगळा ताफा तयार हवा होता. वर्षभर तो थांबणार नव्हता, आणि त्याच्याशिवाय त्या शेडला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

उरलेल्या तीन बसचे आकडे आले: एकोणतीस, तीस, एकोणतीस.

"तुझ्या सिलिंडरमध्येच काही नाही ना?" तिने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी गाडीतून दुसरा सिलिंडर आणला. तोच आकडा. बसच्या बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, बरोबर होतं. वायरिंग उघडून बघितलं. इतकं नीटनेटकं वायरिंग मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. प्रत्येक जोडावर तारखेचं लेबल होतं.

"सकाळी शेडमध्ये तर पस्तीस आला होता," ती म्हणाली. "तुझ्यासमोर."

ते खरं होतं. सकाळी एक नवा हँडसेट घेऊन तिने माझ्यासमोर कॅलिब्रेशन करून दाखवलं होतं. आमचा फॉर्म भिंतीवर चिकटवलेला. त्यातली प्रत्येक पायरी ती मोठ्याने वाचायची, करायची आणि मग टिक करायची. एकही ओळ गाळली नाही. मी शेजारी उभा राहून माझ्या कागदावर टिक करत होतो. शेवटी पस्तीसला पस्तीस. म्हणजे शेडमध्ये बरोबर आणि बसमध्ये चूक. सहाही वेळा, आणि जवळजवळ सारखीच. निष्काळजी माणसाचे आकडे असे येत नाहीत. ते इकडेतिकडे उडतात.

मी गाडीत बसून ऑर्लाला फोन केला. ऑर्ला माझी मॅनेजर.

"सहाच्या सहा बाहेर?" तिने विचारलं.

"सहाच्या सहा."

"मग नापास. वाईट वाटतं, पण त्यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"कारण सापडत नाहीये."

"संजय, फॉर्मवर कारणासाठी रकाना नाही."

"सोमवारपर्यंत थांबू का?"

"सोमवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर मीच सही करणार."

शेडच्या दारात नोरीन हात पुसत उभी होती. "तुझं तोंड बघूनच कळलं," ती म्हणाली. "चहा घेऊन जा. नापास करणाऱ्यालाही चहा देतो आम्ही."

मी चहा घेतला. अजून सही केलेली नाही, एवढंच तिला सांगितलं.

शुक्रवार होता. आम्ही ड्रोहेडातच राहतो. माझी बायको वैशाली डॉक्टर आहे, गावातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीत. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. आकडे सांगितले तेव्हा तिने नुसतं "हं" केलं. आकड्यांवर ती नेहमी "हं"च करते. मग मी नोरीनची पद्धत सांगायला लागलो. सिलिंडरची तारीख बघते, नळी बघते, नळी आणि माउथपीस पुसते, गॅस सोडते...

"कशाने पुसते?"

"वाइपने."

"कसल्या वाइपने?"

"ते आपले नेहमीचे. निर्जंतुक करायचे. अल्कोहोल वाइप."

वैशालीने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अरे, गाडी ठोकलेला माणूस आमच्याकडे येतो आणि त्याच्या रक्तातलं अल्कोहोल बघायचं असतं, तेव्हा आम्ही सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा लावत नाही. दुसऱ्या औषधाने पुसतो. नर्सिंगच्या पोरींना हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात."

मी नोरीनचं सकाळचं कॅलिब्रेशन मनात पुन्हा पायरीपायरीने करून बघितलं.

"आणि तुमचं सगळं ऑफिस त्या अल्कोहोलवरच चालतं," ती म्हणाली. "आमटी वाढू का अजून?"

आमटी घेतली, पण चव कळली नाही. वाइप केल्यावर नळीत थोडी वाफ उरणारच. त्यावरून सिलिंडरचा गॅस गेला की उपकरणाला पस्तीसपेक्षा जास्त दिसणार. रोजच्या वापरात फुंकण्याआधी उपकरण स्वतः हवा तपासतं, पण कॅलिब्रेशनच्या मोडमध्ये ते तपासत नाही. म्हणजे नोरीन त्या जास्तीच्या आकड्याला पस्तीस म्हणायला शिकवत होती. नंतर खात्री करतानाही ती आधी पुसायची, म्हणून शेडमध्ये सगळं बरोबर यायचं. बसमध्ये मी पुसलं नव्हतं. माझ्याकडे नव्या माउथपीसची सीलबंद पाकिटं असतात.

पण तिला पुसायला सांगितलं कुणी?

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि फॉर्म काढला. पायरी क्रमांक चार: प्रत्येक चाचणीपूर्वी नळी आणि माउथपीस अल्कोहोल वाइपने पुसा. ही ओळ कोविडच्या काळात आली होती. तेव्हा सगळेच सगळं पुसत होते. फॉर्मच्या तळाशी, व्हर्जन चारसमोर, ज्याने बदल केला त्याची आद्याक्षरं असतात. ती माझी होती.

वीस वर्षं कॅलिब्रेशन केलेल्या माणसाने अल्कोहोल मोजायच्या उपकरणाला आधी अल्कोहोल लावा असं लिहिलं होतं. त्यावर ऑर्लाची सही होती आणि आणखी दोघांची. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. मग बाकीची गॅरेजं पास कशी झाली? शनिवारी सकाळी मी गॉलवेच्या कॉनरला फोन लावला. त्याला मीच परवाना दिलाय. माणूस चांगला आहे, काम चांगलं करतो.

"कॉनर, पायरी चार करतोस का?"

"अधिकृत उत्तर हवंय की खरं?"

"खरं."

"वाइप्सचा डबा प्रेसमध्ये आहे." प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट. "कोविडमध्ये आला तेव्हापासून उघडलेलाच नाही. का रे, अडचण आहे?"

"टिक तर करतोस."

"टिक सगळेच करतात, संजय."

आणखी दोन ठिकाणी फोन केला. दोन्हीकडे हेच उत्तर, फक्त कॉनरइतकं पटकन नाही. फॉर्म जसाच्या तसा पाळणारी एकटी नोरीनच निघाली, आणि नापास होत होती तीही एकटी.

सोमवारी सकाळी आठला मी तिच्या शेडमध्ये होतो. बसमधून काढून आणलेला एक हँडसेट तिने आधी काहीही न पुसता पस्तीसला जुळवला. पाच वेळा गॅस दिला, पाचही वेळा पस्तीस. मग तिला म्हटलं, "आता रोजच्यासारखं पुस आणि लगेच गॅस सोड." आकडा आला बेचाळीस. पुन्हा पुसलं, पुन्हा बेचाळीस. तिचा हात इतका एकसारखा चालतो, की चूकही दर वेळी मोजून तेवढीच.

पुढचं गणित सातवीतलं. बेचाळीसला पस्तीस म्हणायला शिकवलं, तर खऱ्या पस्तीसला उपकरण किती म्हणेल? मी क्लिपबोर्डवर त्रैराशिक मांडलं. पस्तीस गुणिले पस्तीस, भागिले बेचाळीस. एकोणतीस पूर्णांक काहीतरी. कागद नोरीनसमोर धरला. तिने तो बराच वेळ बघितला.

"म्हणजे मी फॉर्म पाळला म्हणून."

"हो."

"हे लिहिणारा गाढव कोण?"

"मी."

ती हसली नाही, चिडलीही नाही. हँडसेट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्यांकडे एक मॅनेजर होता. तोही न करता लिहायचा. पण तो कधी परत आला नाही सांगायला." मग वाइप्सचा डबा उचलून तिने शेडच्या बाहेर ठेवला.

साडेदहाला ऑर्लाला फोन केला. सगळं सांगितलं, आकडे वाचून दाखवले.

"म्हणजे फॉर्म बदलावा लागणार," ती म्हणाली.

"आणि परवाना दिलेल्या प्रत्येक गॅरेजला पत्र. कुणी खरंच पुसत असेल तर त्याची उपकरणं परत तपासायची."

"पत्रात काय लिहायचं? आमची चूक?"

"माझी चूक. ओळ माझी आहे."

"तिला नापास केलं असतंस तर हे कुणाला कळलंही नसतं. माहितीये ना?"

"माहितीये."

"बरं. तिला सहाही परत करू दे. तू उभा राहून बघ. आणि पत्राचा मसुदा आजच पाठव, उद्या माझा विचार बदलेल."

नोरीनने सहाही हँडसेट पुन्हा जुळवले. दुपारपर्यंत बसमध्ये आकडे आले: पस्तीस, पस्तीस, चौतीस, पस्तीस, पस्तीस, छत्तीस. ड्रायव्हरच्या सीटवरचा त्याचा जेवणाचा डबा बाजूला सरकवून मी तिथेच सही केली. परवाना त्याच आठवड्यात निघाला. शाळा उघडल्या तेव्हा तो सगळा ताफा रस्त्यावर होता. एकदा सकाळी ऑफिसला जाताना त्यातली एक बस माझ्यापुढे होती. मी विनाकारण दोन किलोमीटर तिच्यामागून गेलो.

पत्रं माझ्या सहीने गेली. मला वाटलं होतं, निदान आणखी एखादं गॅरेज खरंच पुसणारं निघेल. एकही निघालं नाही. सगळ्यांनी कळवलं की आम्ही ती पायरी कधी करतच नव्हतो. आनंद मानायचा की काळजी करायची, हे ऑर्लाला आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त आम्ही आनंद मानला आहे. पण तेव्हापासून असेसमेंटला गेलो की अर्जदाराचा फॉर्म तपासण्याआधी मी आमचा तपासतो, आणि नवीन ओळ घालायची झाली तर आधी ती स्वतःच्या हाताने करून बघतो.

पायरी चार काढून टाकलेलं व्हर्जन पाच मी सगळ्यांना ईमेल केलं. दहा मिनिटांत नोरीनचं उत्तर आलं.

"संजय, पायरी तीननंतर एकदम पाच आहे. मधलं काही करायचं राहतंय का माझं?"

बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी नंबर नीट केले आणि व्हर्जन सहा पाठवलं. पाठवण्याआधी ते तिच्याकडून वाचून घेतलं.